ठेव कोणाची? चार्तोरिस्की घराणे आणि 10 कोटी युरो

29 डिसेंबर 2016 रोजी वॉर्सात एका करारावर सह्या झाल्या. पोलंडचे संस्कृतिमंत्री पिओत्र ग्लिन्स्की यांनी देशाच्या वतीने चार्तोरिस्की या सरदार घराण्याचा सगळा संग्रह विकत घेतला. त्यात लिओनार्दो दा विंचीचे 'अर्मिनवाली स्त्री' हे चित्र होते (अर्मिन म्हणजे पांढऱ्या लवेचा एक छोटा प्राणी), रेम्ब्रांटचे एक निसर्गचित्र होते, संग्रहालयातल्या सुमारे 86 हजार वस्तू होत्या आणि ग्रंथालयातली अडीच लाख पुस्तके, हस्तलिखिते, कागदपत्रे होती. किंमत ठरली 10 कोटी युरो. संग्रहाचे मोल 200 कोटी युरोंच्या आसपास आहे असे तेव्हा सांगितले गेले. घराण्याचे वारस आदाम कारोल चार्तोरिस्की यांनी हा व्यवहार जवळपास दानच असल्याचे म्हटले. त्या दिवसापासून पोलंडमध्ये जो वाद पेटला तो अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो, आणि प्रत्येक वेळी तितकाच वाईट रीतीने लढला जातो. एक बाजू म्हणते, या थोर घराण्याने देशासाठी सर्वस्व वाहिले, त्यांना विसाव्या हिश्श्याची किंमत देताना तक्रार कसली? दुसरी बाजू म्हणते, ज्या शेतकऱ्यांच्या वेठीवर हे राजवाडे उभे राहिले त्यांच्याच नातवंडांनी आता जमीनदाराच्या नातवाला पैसे मोजायचे का?

दोन्ही प्रश्न ऐकताना रक्त तापते. पण दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर भांडत आहेत: हे घराणे चांगले होते की वाईट. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. हा संग्रह 1801 सालापासून कोणाच्या घरची मालमत्ता राहिलेला नव्हता. ती ठेव होती. देश नकाशावरून पुसला गेला तेव्हा देशाची म्हणून ती ठेवली गेली आणि चार्तोरिस्की तिचे विश्वस्त झाले. देवाच्या दागिन्यांचा विश्वस्त पिढ्यान्‌पिढ्या त्यांची राखण करतो, चोरांपासून वाचवतो, प्रसंगी पदरचे घालतो. त्याचे उपकार मोठेच असतात, पण म्हणून दागिने त्याचे होत नाहीत. पोलंडने संग्रह ताब्यात घेतला हे योग्यच झाले. तो बाजारातल्या वस्तूसारखा विकत घेतला, आणि त्याला दानाचे नाव दिले, हे मात्र मला पटत नाही.

हे मान्य व्हायचे तर आधी घराण्याचा इतिहास नीट पाहावा लागतो, आणि तो सरळ नाही. व्होलिन प्रांतातले, म्हणजे आजच्या युक्रेनमधले, चार्तोरिस्क हे यांचे मूळ गाव. लिथुएनियाच्या गेडिमिन राजवंशाची ही शाखा, त्यामुळे 'राजपुत्र' ही पदवी रक्तातून आलेली. पण सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते काही पोलंडमधले पहिल्या रांगेतले सरदार नव्हते. त्यांचे नशीब उघडले ते अठराव्या शतकात, आणि मुख्यतः लग्नांमधून. 1731 मध्ये आउगुस्त चार्तोरिस्की यांनी मारिया झोफिया शेन्याव्स्का या तरुण विधवेशी लग्न केले. ती पोलंडमधल्या सर्वांत मोठ्या वारसदारांपैकी एक होती. पुवावी आणि शेनियावा ही दोन्ही ठिकाणे, ज्यांची नावे पुढे वारंवार येणार आहेत, या एका लग्नातून घरात आली. आउगुस्त आणि त्यांचा थोरला भाऊ मिखाऊ यांनी मग जो राजकीय गट बांधला त्याला लोक नुसते 'फामिलिया' म्हणत. साऱ्या देशात कुटुंबे लाखो असतील, पण 'कुटुंब' म्हटले की कोण ते सांगावे लागत नसे.

या फामिलियाला देश सुधारायचा होता. पोलंडच्या संसदेत एका सरदाराने 'मला मान्य नाही' म्हटले की सगळे अधिवेशन मोडत असे. सैन्य अपुरे, तिजोरी रिकामी, राजा निवडून दिलेला आणि हातपाय बांधलेला. हे बदलायला सत्ता हवी होती आणि ती मिळवण्यासाठी 1764 च्या राजनिवडणुकीत त्यांनी रशियाच्या सैन्याची मदत घेतली. त्यांच्याच बहिणीचा मुलगा, स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की, गादीवर बसला. काही सुधारणा झाल्याही. पण दार उघडून ज्याला आत घेतले तो पाहुणा परत गेला नाही. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला. पोन्यातोव्स्की पोलंडचा शेवटचा राजा ठरला. म्हणून आजही काही जण या घराण्याला घरभेदी म्हणतात. तो आरोप मी हसण्यावारी नेणार नाही. सुधारणेसाठी परकी संगीन आणणाऱ्याला परिणामांची जबाबदारी झटकता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

मात्र याच घरातला आउगुस्त यांचा मुलगा आदाम काझिमिएझ वॉर्साच्या लष्करी विद्यालयाचा प्रमुख होता. 1765 मध्ये राजाने ते काढले, आणि तिथल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत तादेउश कोश्चुश्को नावाचा साध्या घरातला एक मुलगा होता. पुढे 1794 मध्ये याच कोश्चुश्कोने रशियाविरुद्ध उठाव केला आणि 7 मे रोजी पोवान्येत्सच्या जाहीरनाम्याने शेतकऱ्यांची वेठ कमी केली. त्या उठावाची शिक्षा म्हणून रशियन सैन्याने पुवावीचा वाडा लुटला, जमिनी जप्त झाल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून दोन मुलगे, आदाम येझी आणि कोन्स्तान्ती, 1795 मध्ये पीटर्सबर्गच्या दरबारी एका अर्थी ओलीस म्हणून गेले. तिथे आदाम येझीची युवराज अलेक्झांडरशी मैत्री जमली, आणि अलेक्झांडर झार झाल्यावर 1804 ते 1806 तो चक्क रशियाचा परराष्ट्रमंत्री होता. पोलंड गिळणाऱ्या साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री, आणि तो पोलिश राजपुत्र! त्याच काळात तो विल्नो, म्हणजे आजच्या लिथुएनियातल्या विल्निअसच्या, शिक्षणमंडळाचाही प्रमुख होता. त्याच्या देखरेखीखालच्या विद्यापीठात पोलिश भाषेत नवी पिढी वाढली आणि कवी आदाम मित्स्क्येविच तिथेच शिकला. 1830 च्या नोव्हेंबरात वॉर्सात उठाव झाला तेव्हा साठीचा आदाम येझी राष्ट्रीय सरकारचा अध्यक्ष झाला. उठाव चिरडला गेला. त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला, पुवावी जप्त झाली, आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षे त्याने परदेशात काढली.

मग हा माणूस देशद्रोही की देशभक्त? त्याच उठावात, 1831 मध्ये, पुवावीवर जे रशियन सैन्य चालून आले त्याचा सेनापती होता आदाम वुर्टेम्बर्ग. तो आदाम येझीचा सख्खा भाचा. ज्या वाड्यावर त्याने तोफा डागल्या तिथे त्याची आजी इझाबेला राहत होती. एकाच घरातला मामा बंडाचा नेता, भाचा बंड मोडणारा, आणि म्हातारी आजी मध्ये. आदाम येझीचा खरा बाप रशियन राजदूत रेप्निन होता अशी कुजबुज तर त्याच्या जन्मापासून चालत आली आहे. ती खरी असो वा खोटी, जे लोक 'या घराण्याच्या रक्तातच देशप्रेम' किंवा 'या घराण्याच्या रक्तातच गद्दारी' असे बोलतात त्यांनी कोणत्या रक्ताविषयी आपण बोलतो याचा एकदा विचार करावा. घराणे हे काही एक माणूस नाही. त्याला एक मन नसते, एक हेतू नसतो. पणजोबाच्या पराक्रमाचे श्रेय पणतूला देणे आणि पणजोबाच्या पापाचे माप पणतूच्या पदरात टाकणे, या दोन्हींमागचा विचार एकच आहे, आणि तो सरंजामशाहीचा आहे. वेठीची आठवण करून देणाऱ्यांनी तरी तो विचार वापरू नये असे मला मनापासून वाटते.

आता इझाबेलाकडे वळू, कारण या प्रकरणाचे मर्म तिच्यापाशी आहे. 1746 साली फ्लेमिंग घराण्यात जन्मलेली ही बाई, आदाम काझिमिएझची पत्नी आणि आदाम येझीची आई, तरुणपणी युरोपभर फिरली, दरबारांतून वावरली. 1795 मध्ये देश संपला तेव्हा ती पन्नाशीला आली होती. जळलेल्या पुवावीत परत येऊन तिने बागेत टेकडीच्या कडेला एक गोल मंदिर बांधायला घेतले. इटलीतल्या तिवोलीच्या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर बांधलेले हे 'सिबिलाचे मंदिर' 1801 मध्ये उघडले. दारावर तिने कोरून घेतले: 'भूतकाळ, भविष्यासाठी'. आत काय होते? राजांच्या वस्तू, लढायांत जिंकलेली निशाणे, 1683 च्या व्हिएन्नाच्या लढाईतली तुर्की लूट, राजघराण्यातल्या 73 लहान स्मृतिवस्तूंची एक पेटी. 1809 मध्ये शेजारी 'गॉथिक घर' उभे राहिले. त्यात जगभरातून गोळा केलेल्या गोष्टी होत्या. शेक्सपियरची म्हणून घेतलेली खुर्ची होती, आणि मुलाने इटलीतून आणलेले लिओनार्दोचे चित्रही होते. चित्रातली स्त्री नक्की कोण हे इझाबेलाच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. एका फ्रेंच सुंदरीचे चुकीचे नाव, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगसह, चित्राच्या कोपऱ्यात रंगवले गेले, ते आजही तिथे आहे. मिलानच्या चेचिलिया गालेरानीचे, सुमारे 1490 सालचे हे चित्र, पोलंडमध्ये असे दुसऱ्याच बाईच्या नावाने राहिले.

हे सगळे बारकाईने सांगतो आहे, कारण इझाबेलाने काय केले हे समजले नाही तर पुढचा वाद समजणार नाही. श्रीमंत सरदार तेव्हाही चित्रे जमवत. ती दालनात लावत, पाहुण्यांना दाखवत. हिने तसे केले नाही. बागेत, वाड्याच्या बाहेर, स्वतंत्र इमारत बांधली. त्यात स्वतःच्या पूर्वजांपेक्षा देशाच्या राजांना, सेनापतींना, कवींना मोठी जागा दिली. लोक लांबून पाहायला येत. खेड्यातल्या लोकांसाठी तिने देशाचा इतिहास सोप्या गोष्टींच्या रूपात लिहिला. संसद गेली होती, सैन्य गेले होते, राजा गेला होता, आणि पोलंड नावाचे एक सार्वजनिक ठिकाण असे जगात कुठे उरले नव्हते. ते तिने एका बागेत उभे केले. पोलंडमधले पहिले संग्रहालय म्हणून याची नोंद होते ती यामुळेच. 'भूतकाळ, भविष्यासाठी' या शब्दांत देणारा आहे आणि घेणारा आहे. 'चार्तोरिस्कींच्या मुलांसाठी' असे तिने लिहिले नाही.

पुढच्या पिढ्यांनाही हे नीट कळले होते. 1831 मध्ये पुवावी सोडताना संग्रह लपवून हलवला गेला, काही भाग वाटेत गमावला, बराचसा हळूहळू पॅरिसला पोचला. सेन नदीच्या बेटावरची ओतेल लांबेर ही हवेली आदाम येझीने 1843 मध्ये घेतली आणि ती देशाबाहेर गेलेल्या पोलंडची जणू राजधानी झाली. राजदूत नसलेल्या देशाचे राजकारण तिथून चाले. इस्तंबूलजवळ 1842 मध्ये निर्वासित पोलिश लोकांसाठी वसवलेले आदामपोल हे गाव त्याच राजकारणातून जन्मले आणि ते अजून नांदते आहे. आदाम येझीच्या मुलाने, व्वादिस्वावने, 1870 च्या दशकात संग्रह परत पोलिश भूमीवर आणला. क्राकूव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते, पण तिथे मोकळीक होती. 1874 मध्ये नगरपालिकेने जुने शस्त्रागार संग्रहालयासाठी दिले आणि 1878 मध्ये संग्रहालय उघडले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. इमारत गावाने दिली होती. एखाद्याच्या खाजगी दिवाणखान्यासाठी कोणती नगरपालिका शहराच्या तटबंदीतले शस्त्रागार देते? शहराने ते दिले, कारण आपलीच वस्तू घरी येते आहे असे शहर समजत होते, आणि घराणेही तसेच समजत होते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते मी सौम्य करून मांडणार नाही. पहिला मुद्दा राखणीचा. 1939 मध्ये संग्रहाचा मौल्यवान भाग शेनियावाच्या वाड्यात भिंतीआड लपवला होता. जर्मनांनी तो शोधून लुटला. राजवस्तूंची ती पेटी फुटली आणि त्यातल्या वस्तू कायमच्या गेल्या. लिओनार्दोचे चित्र व्याप्त पोलंडचा जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांकने क्राकूवच्या वावेल किल्ल्यात आपल्या निवासात लावले. ते बव्हेरियात सापडून 1946 मध्ये परत आले. राफाएलचे 'तरुणाचे चित्र' आजतागायत सापडलेले नाही. तेव्हाचे वारस आउगुस्तिन यांना गेस्टापोने पकडले होते, सुटून ते स्पेनला गेले, आणि 1946 मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, परदेशात वारले. त्यांचा मुलगा आदाम कारोल 1940 मध्ये सेव्हिलमध्ये जन्मला. सव्वाशे वर्षे देश नसताना, राजवाडे जळताना, जप्ती येताना ज्यांनी हे जपले त्यांना काही मिळू नये का? दुसरा मुद्दा अन्यायाचा. 1944 च्या जमीनसुधारणेच्या हुकुमाने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी मोबदल्याविना गेल्या, वाडे गेले. 1989 नंतर इतर काही देशांनी परतफेडीचे कायदे केले, पोलंडने सर्वसमावेशक कायदा केलाच नाही. मग ही रक्कम एका लुबाडल्या गेलेल्या कुटुंबाला मिळालेली उशिराची भरपाई का मानू नये?

राखणीचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. या कुटुंबाविना आज क्राकूवमध्ये लिओनार्दो नसता, एवढे निर्विवाद आहे. पण राखणीमुळे मालकी सिद्ध होते का? उलट, राखण जितकी मोठी तितके विश्वस्तपण पक्के. त्यांनी जीव धोक्यात घालून जे वाचवले ते स्वतःच्या संपत्तीसाठी वाचवले असे म्हणणे हाच त्यांचा अपमान आहे. भरपाईचा मुद्दा जास्त कठीण आहे आणि त्यात न्याय आहे. पण मग भरपाई उघडपणे भरपाई म्हणून द्यावी. संसदेत कायदा करावा, नियम ठरवावेत, आणि ते नियम सगळ्यांना लावावेत. ज्या ज्यू कुटुंबांची घरे युद्धात आणि युद्धानंतर गेली त्यांना, ज्या छोट्या जमीनमालकांच्या शेतीचे तुकडे झाले त्यांना, वॉर्सातल्या साध्या घरमालकांना. ज्याच्या घरात योगायोगाने लिओनार्दो होता त्याला 10 कोटी आणि ज्याच्या घरात फक्त शिवणयंत्र होते त्याला कोर्टाच्या पायऱ्या, याला भरपाई म्हणता येईल का?

आणि 200 कोटींच्या मालाला 10 कोटी म्हणजे दानच, हा जो युक्तिवाद सर्वांत जास्त लोकांना पटतो, तो तर मुळातच पोकळ आहे. किंमत बाजारात ठरते आणि बाजार असायला वस्तू विकता यावी लागते. पोलंडच्या कायद्याप्रमाणे असा राष्ट्रीय ठेवा कायमचा देशाबाहेर नेता येत नाही. 1991 मध्ये आदाम कारोल यांना घराण्याचे हक्क परत मिळाले तेव्हा त्यांनी स्वतःच संग्रह एका प्रतिष्ठानाकडे सुपूर्द केला, त्याचे काम संग्रह जपणे आणि लोकांसमोर ठेवणे हे होते. ते पाऊल मला इझाबेलाच्या वाटेवरचे वाटते, आणि त्यासाठी त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण त्याचा अर्थ असाही होतो की 2016 मध्ये विकणारा हा लोकहितासाठी स्थापलेला एक न्यास होता, कोणी खाजगी मालक नव्हे. त्या न्यासाच्या कार्यकारी मंडळाने 'आम्हाला विचारले नाही' म्हणून राजीनामा दिला. न्यासाकडे आलेला पैसा दोन वर्षांतच लिख्टेनश्टाइनमधल्या एका प्रतिष्ठानाकडे गेला. कायद्याने यात काही वावगे असेल किंवा नसेल, तो माझा मुद्दा नाही. ठेव जपण्यासाठी नेमलेल्या न्यासाकडे ठेवही उरली नाही आणि तिचे पैसेही देशात उरले नाहीत. याला दान म्हणायचे तर भाषेतला तो शब्द मोडीतच काढावा लागेल.

दान कसे असते हे याच वर्गातल्या माणसांनी दाखवून दिलेले आहे, म्हणून तर मला हे जास्त लागते. इझाबेलाची मुलगी झोफिया हिचे लग्न झामोय्स्की घराण्यात झाले. तिचा नातू व्वादिस्वाव झामोय्स्की. त्याने 1889 मध्ये लिलावात झाकोपानेची डोंगराळ मालमत्ता घेतली आणि तात्रा पर्वताची जंगले लाकूडतोडीपासून वाचवली. 1924 मध्ये मरण्यापूर्वी त्याने कुर्निकचा किल्ला, ग्रंथालय, जमिनी, जंगले, सगळे पोलिश राष्ट्राला देऊन टाकले. एक पैसा घेतला नाही. कारोलिना लांत्स्कोरोन्स्का या कलेतिहासाच्या प्राध्यापिका राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून वाचल्या होत्या. 1994 मध्ये त्यांनी घराण्याचा चित्रसंग्रह, रेम्ब्रांटच्या दोन चित्रांसह, वॉर्साच्या आणि क्राकूवच्या राजवाड्यांना दिला. त्यांच्याही जमिनी गेल्या होत्या, त्यांनाही परागंदा व्हावे लागले होते. जरा मागे जाऊन फ्लॉरेन्स पाहा. मेदिची घराण्यातली शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने 1737 मध्ये करार केला की घराण्याची चित्रे, शिल्पे, पुस्तके यांतले काहीही शहराबाहेर जाणार नाही, ती लोकांच्या उपयोगासाठी आहेत. आज उफिझी संग्रहालय भरलेले आहे ते त्या एका कागदामुळे. कोणी म्हणेल, तिला मूलबाळ नव्हते, तिचे काय जाणार होते? मूलबाळ नसलेले किती राजेरजवाडे आपला ठेवा लिलावात फुंकून गेले, तेही मोजा.

आणि खुद्द चार्तोरिस्कींच्या घरात? व्वादिस्वावचा थोरला मुलगा आउगुस्त, ज्याच्याकडे सगळा वारसा यायचा होता, त्याने तो नाकारला. 1887 मध्ये तो तुरीनच्या सालेशियन संघात दाखल झाला, गरीब मुलांना शिकवणाऱ्या धर्मगुरूंचे जीवन पत्करले, 1892 मध्ये दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेला. 2004 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्य' घोषित केले. घराण्याचे नाव एकच. त्यात वारसा जमवणारे आहेत, तो वाचवणारे आहेत, सोडून देणारा आहे आणि विकणारा आहे. 'चार्तोरिस्की कसे होते' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. 'त्या माणसाने हाती आलेल्या ठेवीचे काय केले' याला मात्र आहे, आणि ते प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे आहे.

वेठीचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत वजनदार आहे. गेल्या काही वर्षांत पोलंडमध्ये सामान्य जनतेचा इतिहास लिहिण्याची जोरदार लाट आली आणि तिने सरदारी वैभवाच्या आठवणींना हादरे दिले. ते व्हायलाच हवे होते. अठराव्या शतकातला पोलिश शेतकरी जमिनीला बांधलेला होता. आठवड्यातले कित्येक दिवस त्याला मालकाच्या शेतावर फुकट राबावे लागे. गाव सोडण्याची मुभा नव्हती. दारू गाळण्या-विकण्याचा हक्कही मालकाचा, त्यामुळे त्याचे उरलेसुरले पैसे मालकाच्याच गुत्त्यात जात. 3 मे 1791 च्या गाजलेल्या संविधानाने शेतकऱ्याला 'कायद्याच्या संरक्षणाखाली' घेतले, पण वेठ ठेवलीच. गॅलिशियात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, ती 1848 मध्ये गेली आणि वॉर्साभोवतीच्या रशियन पोलंडमध्ये 1864 मध्ये, तीही झारच्या हुकुमाने! 1846 मध्ये गॅलिशियात शेतकऱ्यांनी सुमारे हजारभर जमीनदारांना आणि त्यांच्या माणसांना ठार केले, शेकडो वाडे लुटले, तेव्हा 'स्वतंत्र पोलंड' या शब्दांचा त्यांच्या लेखी अर्थ 'मालकांचे राज्य परत' असा होता. इझाबेलाच्या मंदिराची दगड-माती कोणी वाहिली असेल? मारिया झोफियाच्या इस्टेटीतल्या गावांनी. हे नाकारणाऱ्या माणसाशी मला बोलायचेच नाही.

पण यातून निघतो तो निष्कर्ष काय? 'म्हणून हे सारे फेकून द्या', 'म्हणून या घराण्याची नावे पुसा' असे म्हणणारे स्वतःचाच हक्क सोडून देत आहेत. संग्रह वेठीच्या घामातून उभा राहिला असेल, तर तो त्या घाम गाळणाऱ्यांच्या वंशजांचाही आहे, म्हणजेच देशाचा आहे. ज्या कारणाने तो खाजगी नाही असे इझाबेलाने मानले त्याला हे दुसरे, अधिक जुने कारण जोडले जाते. विश्वस्तपणाची बाजू याने दुबळी होत नाही, दुप्पट बळकट होते. मला या मुद्द्याची जाण पुस्तकांआधी कोल्हापूरने दिली. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका-मुले होती. व्होलिनसारख्या पूर्वेकडच्या प्रांतांतून सोव्हिएत सत्तेने ज्यांना सायबेरियात हाकलले त्यांतली ही माणसे: शेतकरी, वनरक्षक, शिपाई यांच्या घरातली. ज्या भूमीतून चार्तोरिस्कींचे नाव निघाले त्याच भूमीतून हीही निघाली होती. त्यांच्याकडे लपवायला लिओनार्दो नव्हता. पण वळिवड्यात त्यांनी पोलिश शाळा चालवल्या, चर्च उभे केले, नाटके केली, राष्ट्रीय सण पाळले. आपला देश आठवणीत जिवंत ठेवण्याचे जे काम इझाबेलाने बागेत केले, तेच या बायकांनी कौलारू बराकींत केले. दोन्ही एकाच इतिहासात लिहिले जात नाही, माझी तक्रार एवढीच आहे. एक बाजू फक्त मंदिर पाहते, दुसरी फक्त वेठ, आणि बराकीकडे कोणीच पाहत नाही.

क्राकूवचे संग्रहालय दुरुस्तीनंतर 2019 च्या डिसेंबरात पुन्हा उघडले. पैसे दिले गेले, ते परत येणार नाहीत, त्यावर आणखी भांडून उपयोग नाही. पण मालक आता देश आहे, तेव्हा मांडणी कशी असावी हे विचारण्याचा अधिकार पोलंडच्या प्रत्येक नागरिकाला आहे. त्या अडीच लाख कागदपत्रांत चार्तोरिस्कींच्या इस्टेटींचे दप्तरही आहे. अशा दप्तरांत गावागावाच्या याद्या असतात: कोणत्या घरात किती माणसे, किती बैल, आठवड्याला वेठीचे किती दिवस, किती कोंबड्या, किती अंडी मालकाला द्यायची. 2016 मध्ये देशाने लिओनार्दोबरोबर ते दप्तरही विकत घेतले, याचा उल्लेख तेव्हाच्या गदारोळात कोणी केल्याचे मी वाचलेले नाही. त्यातली एक वही काढावी, तिचे एक पान उघडून काचेखाली ठेवावे, आणि ती पेटी 'अर्मिनवाली स्त्री'च्या दालनात, चित्राकडे जाणाऱ्या वाटेवर, येणाऱ्याला वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा जागी मांडावी.